एका कुकीचे सहा तुकडे

‘अरे, काहीच होत नाहीये मला. अजून एक खाऊ का?’

ब्राउनी, कुकी, गमी, चॉकलेट... गांजा किंवा चरस घातलेला खाऊ कुणी पहिल्यांदा खाल्ला की अर्ध्या-पाऊण तासात हे वाक्य ऐकू येतंच. ट्रिपला, फ्लॅटवर, हॉस्टेलच्या रूमवर. होळीला भांगेच्या ठंडाईचा दुसरा ग्लास उचलणारे काकाही हेच म्हणालेले असतात, आणि पुढची दहा वर्षं घरात त्यांचा किस्सा रंगवून सांगितला जातो. किस्सा मजेशीर वाटतो, कारण काका दुसऱ्या दिवशी उठून चहा प्यायलेले असतात.

डेन्व्हरमधल्या एका मुलाच्या बाबतीत तसं झालं नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानात जाऊन गांजा विकत घेता येऊ लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये शेजारच्या वायोमिंग राज्यात शिकणारा १९ वर्षांचा एक परदेशी विद्यार्थी सुट्टीत मित्रांबरोबर डेन्व्हरला आला. वयात बसणाऱ्या एका मित्राने दुकानातून कुकी घेतली. विक्रेत्याने बजावलं होतं, एका कुकीचे सहा तुकडे करा, एका वेळी एकच खा. मुलाने एकच तुकडा खाल्ला. अर्धा तास गेला, तास होत आला, काहीच नाही. मग उरलेली कुकी त्याने एकदम संपवली. पुढचे दोन तास तो असंबद्ध बोलत होता, चिडत होता. दुसऱ्यांदा खाल्ल्यावर साधारण अडीच तासांनी त्याने हॉटेलच्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी घेतली. शवविच्छेदनात गांजा सोडून दुसरं काही सापडलं नाही.

त्या कुकीत ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. तिथल्या हिशेबाने १० मिलिग्रॅम म्हणजे एक डोस. म्हणजे साडेसहा डोस एका कुकीत. हे लेबलवर छापलेलं होतं, विक्रेत्याने तोंडी सांगितलंही होतं. पण मला सांगा, कुकीचा सहावा भाग खाऊन कोण थांबतं? आपण पार्लेजीसुद्धा अख्खाच तोंडात टाकतो.

त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्तंभलेखिका मॉरीन डाऊड यांनीही डेन्व्हरच्या हॉटेलात गांजाचं चॉकलेट खाल्लं. सुरुवातीला काही होईना म्हणून त्यांनी आणखी थोडं खाल्लं आणि मग कित्येक तास त्या खोलीत भेदरून पडून राहिल्या. नवख्यांनी त्या चॉकलेटचे सोळा तुकडे करायचे असतात, हे त्यांना नंतर कळलं. जगभरचं राजकारण कोळून प्यायलेल्या पत्रकाराची ही गत झाली, तर एकोणीस वर्षांच्या मुलाला काय दोष द्यायचा!

गोम आहे ती आपल्या पोटात. धूर ओढला की टीएचसी फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांतच पोहोचतं. खाल्लं की मात्र आधी जठर, मग आतडं, मग यकृत असा लांबचा प्रवास. यकृत त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचं नवं रूप करतं. हे रूप मेंदूत सहज शिरतं आणि त्याचा अंमलही तगडा असतो. परिणाम जाणवायलाच अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात, तो शिगेला पोहोचायला आणखी वेळ जातो आणि उतरायला कधीकधी बारा तास. पोट रिकामं होतं की नुकतीच बिर्याणी झाली होती, यावरही गणित बदलतं. म्हणजे ‘काहीच होत नाहीये’ हे वाक्य त्या क्षणी शंभर टक्के खरं असतं, फक्त ते फार लवकर म्हटलेलं असतं.

त्यात घरगुती माल असेल तर आणखी एक गोची. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, ते तूप-लोणी-तेलात मिसळतं, आणि पिठात सगळीकडे सारखं पसरेलच असं नाही. शिरा आठवा. एका घासात तीन बेदाणे येतात, दुसऱ्यात एकही नाही. एकाच ट्रेमधल्या दोन ब्राउनी खाऊन एक मित्र गाणी म्हणतो आणि दुसरा बाथरूमच्या फरशीवर बसून ‘मी मरतोय’ म्हणून रडतो, याचं एक कारण हेसुद्धा असू शकतं.

कोलोरॅडोने २०१५ मध्ये नियम कडक केले. एका डोसमध्ये १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको, अख्ख्या पाकिटात १०० पेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक डोस सहज वेगळा करता आला पाहिजे. पुढे खाऊच्या प्रत्येक तुकड्यावर टीएचसीची खूण उमटवणं सक्तीचं झालं. २०१७ मध्ये माणूस, प्राणी आणि फळं यांच्या आकाराच्या गमींवर बंदी आली, कारण अस्वलाच्या आकाराची गोळी टेबलावर दिसली की लहान मूल ती खाणारच. ही भीती खोटी नव्हती. सहा वर्षांखालच्या मुलांनी असा खाऊ चुकून खाल्ल्याची प्रकरणं अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होती, ती २०२१ मध्ये ३,०५४ झाली. कॅनडा जास्त सावध निघाला. तिथे २०१९ मध्ये गांजाचा खाऊ कायदेशीर करतानाच अख्ख्या पाकिटाला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. सगळं पाकीट फस्त केलं तरी तो एकच डोस. हे मला पटतं. माणूस कुकीचे सहा तुकडे करणार नाही, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं.

अर्काची गोष्ट वेगळी आणि जास्त भीतीदायक. गांजाच्या फुलात साधारण १५-२० टक्के टीएचसी असलं, तर ब्युटेनसारखे द्रावक वापरून काढलेल्या अर्कात ते ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. ब्युटेन म्हणजे लायटरमधला गॅस. तो वापरून घरीच अर्क काढताना इतके स्फोट झाले की कोलोरॅडोला २०१५ मध्ये त्यावर वेगळी बंदी आणावी लागली. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी धडधाकट पोरं धाप लागून दवाखान्यात येऊ लागली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी टीएचसीची कार्ट्रिज ओढली होती, तीही अनेकदा मित्राकडून नाहीतर काळ्या बाजारातून घेतलेली. तेल दाट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. त्वचेला लावायला चालणारा हा पदार्थ फुप्फुसात गेला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली होती आणि त्यातले ६८ दगावले होते.

आता आपल्याकडे या. इथे मिलिग्रॅमची मर्यादा नाही, खूण नाही, तपासणी नाही, कारण हा खाऊ मुळात बेकायदाच आहे. ब्राउनीत किती आणि काय आहे, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच्या इन्स्टा पेजवर कितीही सुंदर फोटो असोत.

‘पण भांग तर चालते ना?’ हा पुढचा ठरलेला प्रश्न. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. हॅश ऑइल हेही कायद्याच्या भाषेत चरसच. नुसती पानं या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून भांगेला सूट. पण ती सूटही राज्यांच्या हातात असते आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो. बाजारात दिसणाऱ्या हेम्प सीड्सचा याच्याशी संबंध नाही. त्या बियांना २०२१ मध्ये एफएसएसएआयने अन्न म्हणून मान्यता दिली, तीही टीएचसी नाममात्र असेल तरच.

जून २०२१ मध्ये एनसीबीने मालाडच्या एका बेकरीवर छापा घालून ८३० ग्रॅम ब्राउनी पकडल्या, तेव्हा व्हॉट्सॲपवर जोक्सचा पाऊस पडला होता. त्यातल्या वजनाकडे फार कुणी पाहिलं नाही. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणाचं प्रमाण ठरवताना निव्वळ अंमली भाग नाही, तर संपूर्ण मिश्रण वजनात धरायचं. म्हणजे मैदा, साखर, कोको, अक्रोड, सगळं! चरसचं ‘अल्प प्रमाण’ १०० ग्रॅमपर्यंत आणि ‘व्यावसायिक प्रमाण’ एक किलोपासून. एक ब्राउनी ६५ ग्रॅमची धरली तर दोन ब्राउनींतच अल्प प्रमाण ओलांडलं. सोळा ब्राउनींचा ट्रे झाला एक किलो चाळीस ग्रॅम. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड आणि जामीन मिळणं महाकठीण. प्रत्येक केस वेगळी, वकील युक्तिवाद करतीलच. पण बर्थडे पार्टीसाठी ‘जरा दोन डबे घेऊन ये’ म्हणणाऱ्या मित्राला हा हिशेब ठाऊक असतो का?

एमएसला चाललेल्यांसाठी एक गोष्ट. राज्याने परवानगी दिली तरी अमेरिकेच्या फेडरल कायद्यात मनोरंजनासाठीचा गांजा अजून बेकायदाच आहे, आणि तुमचा व्हिसा फेडरल सरकारच्या हातात असतो. टोरांटोहून येताना बॅगेत गमी टाकली, तर ती कॅनडातून बाहेर नेणं हा तिथला गुन्हा आणि भारतात आणणं हा इथला.

आणि समजा, कुणीतरी आधीच खाल्लंय. रात्रीचे दोन वाजलेत, मित्र घामाघूम आहे, छाती धडधडतेय, काहीतरी भलतंच बोलतोय. त्याला एकटं सोडू नका. बाल्कनी आणि गच्चीपासून लांब ठेवा, बाइकची चावी काढून घ्या, वर दारू पाजू नका. जाग येत नसेल, श्वास नीट चालत नसेल, छातीत दुखत असेल, फिट आली किंवा तो स्वतःला इजा करू पाहत असेल, तर थेट १०८. लहान मुलाने खाल्लं असेल तर लक्षणांची वाटच पाहायची नाही. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने सकाळपर्यंत रूमचं दार लावून बसणारे ग्रुप असतात. सेवनाबद्दल कायद्यात जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही आहे, आणि व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर त्यातूनही सुटकेची तरतूद आहे. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारेल, काय खाल्लं, किती, किती वाजता. ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ असं सांगू नका. रॅपर असेल तर सोबत न्या, नसेल तर निदान पहिला तुकडा आणि दुसरा तुकडा यांच्या वेळा आठवून सांगा.