स्वमग्न मूल आणि घराचा दिनक्रम

माझा धाकटा नातू तीन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर वळून पाहत नसे. ‘मुलगे उशिरा बोलतात’ असे म्हणत आम्ही दीड वर्ष घालवले. त्यात माझा वाटा मोठा. बँकेत असताना थकणारे खाते पहिल्याच तिमाहीत ओळखणाऱ्या मला घरातले लक्षण ओळखता आले नाही.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे मेंदूच्या विकासातील वेगळेपण आहे. ते आईच्या संगोपनामुळे किंवा लसीमुळे येत नाही, आणि नवसाने जातही नाही. रोजच्या सरावाने मात्र मूल पुष्कळ शिकते, आणि त्या सरावाची खरी जागा घर हीच आहे.

पुढे काय घडणार हे आधी कळले की अशा बालकाची अस्वस्थता कमी होते. सूर्यास्तापूर्वी जेवण, ठरल्या वेळी दुकान. आपल्या घरांत दिवसाची ही चौकट तयारच असते. सूनबाईंनी तिचीच चित्रे काढून ओळीने भिंतीवर लावली: दात घासणे, अंघोळ, दूध, आजोबांसोबत दुकान. काम झाले की नातू ते चित्र काढून डब्यात टाकतो. दूध हवे की केळे, हे दोन्ही समोर धरून विचारायचे आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचे. हे थांबणेच आम्हा वडीलधाऱ्यांना सर्वांत जड गेले! कुकरच्या शिट्टीने तो कान झाकून ओरडे; आता कुकर चढवण्यापूर्वी त्याला सांगून आतल्या खोलीत नेतात. पर्युषणाच्या गर्दीऐवजी, मंदिर शांत असताना त्याला दर्शनाला नेतो.

‘बहिणीच्या सोयरिकीत अडचण येईल, त्याला लग्नात आणू नका,’ असे एका ज्येष्ठ नातलगांनी सुचवले. सूनबाईंनी ते मानले नाही. मीही गप्प राहिलो नाही.

आता कागदपत्रांविषयी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च धरला जातो. आयकराच्या जुन्या प्रणालीत पालकांना ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. नव्या प्रणालीत ती नाही. या सर्वांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावा. तपासणी शासकीय रुग्णालयात होते. जाताना मुलाचे आवडते खेळणे आणि खाऊ सोबत घ्यावा, कारण रांगेत बराच वेळ जातो.