चित्र दिसलं, चित्र काढणारी दिसली का?



आजचा विषय तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. लाल मातीच्या रंगावर पांढऱ्या रेघांची माणसं, दोन त्रिकोणांचं अंग, वर गोल डोकं, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात घालून धरलेला फेर. बरोबर ओळखलंत, वारली चित्र. शाळेच्या कुंपणावर, कापडी पिशवीवर, चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर ते दिसतं. मुंबईत तर हॉटेलापासून ऑफिसापर्यंत कुठेही दिसतं.

दिवाळी जवळ आली की आपल्या सिन्नरच्या गटांमधून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पणत्यांवर आणि पिशव्यांवर वारली काढू का? मुंबईच्या प्रदर्शनात लगेच खपतं." प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात संपत नाही. आधी ही कला कोणाची, ती शहरात कशी गेली आणि तिथे कोणाला ओळख मिळाली, हे बघू. उत्तर शेवटी देते.

वारली लोक आपल्याला लांबचे नाहीत. त्यांची मोठी वस्ती पालघर जिल्ह्यात, डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या बाजूला आहे. पण आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातही कोकणा, महादेव कोळी यांच्या जोडीने वारली राहतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासींची संख्या सुमारे 1 कोटी 5 लाख होती. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकलाच आहे. म्हणजे हे आपले शेजारी आहेत.

आता मूळ चित्र. ते विकायला काढलेलं नव्हतं. वारली घरात लग्न ठरलं की आतली भिंत शेणामातीने सारवून, गेरूने रंगवून तयार करतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करायचा, आणि भिंतीवर लग्नचौक काढायचा. चौकाच्या कडेला साखळीसारखी, वेलबुट्टीसारखी नक्षी, आणि मधोमध पालघट देवी. ती वाढीची, सुफलतेची देवी. चौक काढण्याचा मान कोणाचा? सवासिनींचा. आपण जिला सवाष्ण म्हणतो, तीच ही. लग्नाची गाणी म्हणून विधी पार पाडणारी असते धवलेरी, तीही बाईच. चौक आणि धवलेरी नसतील तर लग्न लागत नाही.

म्हणजे ही कला मुळात बायकांच्या हातातली आणि लग्नविधीचा भाग असलेली. आपल्याकडे सटवाईच्या पूजेला किंवा चैत्रांगणाला जे स्थान आहे, तसंच काहीसं. त्या चित्राखाली सही नसायची, कारण सगळ्या पाड्याला माहीत असायचं की कोणाचा हात चांगला वळतो.

मग ते मुंबईला कसं गेलं? 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी डहाणूच्या पाड्यांवर फिरले. त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले. भिंतीवरचं चित्र पहिल्यांदा उचलून नेता येईल असं झालं. हा बदल दिसायला लहान आहे, पण त्याचे परिणाम मोठे झाले. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो.

याच काळात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. त्यांनी लग्नचौकापुरतं न थांबता शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, गोष्टी असं सगळं कागदावर आणलं. मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. त्यांच्यामुळे वारली हे नाव परदेशापर्यंत पोहोचलं, आणि ते काम खरोखरच मोठं होतं.

पण बायांनो, याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. चित्र बाजारात गेलं तसं ते हळूहळू बायकांच्या हातातून पुरुषांच्या हातात गेलं. त्याची कारणं आपल्या ओळखीची आहेत. मुंबईला जायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, पैसे घ्यायचे, रात्री मुक्काम करायचा, हे सगळं करायला मोकळीक पुरुषाला होती. सवासिनीचा चौक पाड्यातच राहिला. आता बऱ्याच वारली मुली आणि बायका पुन्हा कागदावर, कापडावर काढू लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट. तरी ज्या हातांनी ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांची नावं कोणाकडे लिहिलेली नाहीत.

सिन्नरकरणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे कितीतरी घरांत आज्या आणि आया विड्या वळत आल्या. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. पण बंडलावरच्या लेबलवर नाव असायचं कारखान्याचं. वळणाऱ्या बाईचं नाव कधी कोणी वाचलं? माल सगळीकडे दिसतो आणि माल करणारी दिसत नाही, हा प्रकार आपण घरात पाहिलेला आहे. वारली चित्राचं शहरात तेच झालं.

शहरातली दुसरी गोष्ट याहून ठळक आहे. मुंबईत वारली चित्र आहे, तसे मुंबईत वारली लोकही आहेत, आणि ते बाहेरून येऊन राहिलेले नाहीत. गोरेगावच्या आरेमध्ये सुमारे 27 आदिवासी पाडे आहेत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही पाडे आहेत. 1949 साली सरकारने आरेत दूध वसाहत उभी केली, त्याआधीपासून हे लोक तिथे भात पिकवत, रानभाज्या गोळा करत राहत होते. त्यातल्या काही पाड्यांवर वीज आणि नळ कित्येक दशकं पोहोचले नाहीत. शहराच्या दिवाणखान्यात तारप्याचा फेर लागला, पण तो फेर धरणारी माणसं याच शहरात राहतात हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

ते ठाऊक झालं 2019 साली. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायचं ठरलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्रीतून तोड सुरू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला ती थांबवायला सांगेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. त्या आंदोलनात पाड्यांवरच्या बायकाही होत्या. त्यांची गाणी, त्यांचा नाच, त्यांचे देव मुंबईकरांनी तेव्हा बातम्यांत पाहिले. कारशेड कुठे व्हावी यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, त्यात आपण शिरत नाही. मुद्दा एवढाच की कला दिसणं आणि माणूस दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

असं फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. ऑस्ट्रेलियातही मूळ रहिवासी आहेत. तिथल्या पापुन्या नावाच्या वस्तीत 1971 साली एका शिक्षकाने लोकांना शाळेच्या भिंतीवर आपली पारंपरिक चित्रं काढायला प्रोत्साहन दिलं. डहाणूत कागद पोहोचला, जवळपास त्याच वर्षांत. पण तिथे पुढच्याच वर्षी, 1972 साली, चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. चित्र विकायचं ते कंपनीमार्फत, आणि सोबत कोणी काढलं त्याचा दाखला द्यायचा. आपल्या गटासारखंच म्हणा ना. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सुरुवातीच्या चित्रांत काही पवित्र खुणा बाहेरच्यांना दिसत होत्या, त्यावर समाजातच आक्षेप आला. मग त्यांनी त्या खुणा काढणं थांबवलं किंवा ठिपक्यांखाली झाकल्या. काय विकायचं आणि काय नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. तरीही तिथल्या बाजारात नक्कल चालतेच. 2022 साली तिथल्या सरकारी अभ्यासात असं आढळलं की मूळ रहिवाशांच्या शैलीच्या भेटवस्तूंवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा नकली मालावर जातो.

आपल्याकडे नकलेला आळा घालायला एक कायदा आहे. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात, बोलताना आपण जीआय टॅग म्हणतो. आपल्या शेजारच्या येवल्याच्या पैठणीला ते आहे. वारली चित्राला ते 2014 साली मिळालं, आणि अर्ज केला होता आदिवासींच्याच संस्थेने, आदिवासी युवा सेवा संघाने. याचा अर्थ असा की ठरलेल्या भागातल्या कारागिरांच्या मालालाच 'वारली चित्र' या नावाने विकण्याचा हक्क आहे. कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपलं नाव नोंदवायचं असतं. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला आहे. अर्जाची फी 2020 साली 500 रुपयांवरून 10 रुपये केली गेली.

पण कायद्याची मर्यादाही समजून घ्या. तो नावाचं रक्षण करतो. त्रिकोणांची माणसं कोणी काढली तर त्याचा हात धरत नाही. कारखान्यात छापलेल्या कपावर 'आदिवासी डिझाईन' लिहिलं की काम झालं. शिवाय ज्या बाईला अर्जाची माहितीच नाही, तिच्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. म्हणून उरलेलं काम विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी करायचं आहे.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. वारली शिकावं का? आवडीने जरूर शिका, मुलींना शिकवा, घराची भिंत रंगवा, त्याला कोणाची ना नाही. पण आपण काढलेलं चित्र 'वारली चित्र' म्हणून मुंबईच्या स्टॉलवर विकू नये. आपल्यापेक्षा पेठच्या, सुरगाण्याच्या बाईला त्या स्टॉलची गरज जास्त आहे आणि हक्कही तिचा आहे. तरी गटाला हा माल ठेवायचाच असेल तर तो सरळ मार्गाने ठेवता येतो.

पहिलं, माल तिकडच्या वारली बायकांच्या गटाकडून घ्या. उमेदच्या प्रभाग संघामार्फत ओळख काढणं अवघड नाही. पणती आपली, चित्र त्यांचं, असंही करता येतं.

दुसरं, हिशेब उघडा ठेवा. समजा, एक पिशवी 300 रुपयांना विकली. कापड-शिलाई 80, रंग 20, प्रवास आणि स्टॉलचा खर्च 60. उरले 140. त्यातले चित्र काढणारीला किती आणि गटाला किती, हे माल घेण्याआधी रजिस्टरात लिहा. चित्र काढणारीला 20 आणि आपल्याला 120 असं होत असेल, तर नुसतं तिचं नाव छापून उपयोग नाही.

तिसरं, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा. काढणारीचं नाव तिला विचारून, गाव, तालुका, आणि चित्रात काय आहे ते एका ओळीत. हाताने काढलंय की छापलंय, तेही खरं लिहा.

चौथं, देवीचा चौक पायपुसणीवर, चपलेवर, ताटाखालच्या कागदावर नको. काय विकायला चालतं आणि काय चालत नाही, ते त्या बायकांनाच विचारा. आपल्या देव्हाऱ्यातली देवी कोणी पायपुसणीवर छापली तर आपल्याला कसं वाटेल?

आणि पाचवं, आपलं स्वतःचं काय आहे तेही प्रदर्शनात न्या. आपल्या आज्यांच्या गोधड्यांचे टाके बघा. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर एकसारखी धावदोऱ्याची रांग. ते हात अजून गावोगाव आहेत. त्यांचंही नाव चिठ्ठीवर यायला हवं.

मुंबईत दरवर्षी महालक्ष्मी सरस भरतं, राज्यभरातले गट तिथे जातात. यंदा तुमच्यापैकी कोणी गेलं तर वारली चित्राच्या स्टॉलवर थांबा. पुढे बसलेल्या ताईला विचारा, हे कोणी काढलं, तुमचा पाडा कोणता, तुमच्याकडे चौक कोण काढतं. विकत घेतलंत तर तिच्याकडूनच घ्या आणि घरी आल्यावर पाहुण्यांना तिचं नाव सांगा. शहरात ओळख मिळण्याची सुरुवात अशी एका नावापासून होते.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात गोधडी कोणकोणाला येते, त्यांची यादी करा. नावाच्या रकान्यात 'अमक्याची आई' असं लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा.