माझ्या दुआत काय चुकले?

आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आत येईना आणि जाईनाही. आम्ही हाक मारली तेव्हा हळूच म्हणाली, “टीचर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

तिचे अब्बा दोन महिन्यांपूर्वी वारले होते. किडनीचा आजार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, असे दहा महिने चालले होते. त्याच काळात रमजान आला. या मुलीने पहिल्यांदाच सगळे रोजे पूर्ण केले. शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्री ती जागली. सत्ताविसाव्या रात्री तर सहरीपर्यंत मुसल्यावरून उठली नाही. मागणे एकच होते. ईदनंतर वीस दिवसांनी अब्बा गेले.

“ताजियतीला आलेल्या एक खाला अम्मीला म्हणत होत्या, दुआ दिलातून निघाली असती तर कबूल झाली असती. टीचर, माझ्या दुआत काय चुकलं?”

इतकी वर्षे आम्ही मुलांना शिकवतो, पण त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. “बेटा, अल्लाहची मर्जी,” एवढेच आम्ही म्हणालो. तिने मान हलवली. वर्गात गणित समजले नाही की मुले अशीच मान हलवतात, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

त्या खाला वाईट बाई नाहीत. आपल्यापैकी पुष्कळजण हेच बोलतात, कधी मोठ्याने तर कधी मनात. कुणाला मूल होत नाही, कुणाच्या मुलीचे स्थळ ठरत नाही, कुणाच्या मुलाला नोकरी मिळत नाही, की लगेच कारण शोधले जाते. नमाज नीट पढत नसतील, यकीन कच्चा असेल. त्यासाठी सहीह मुस्लिममधली ती प्रसिद्ध हदीसही सांगितली जाते. लांबचा प्रवास करून आलेला, केस विस्कटलेला, धुळीने माखलेला माणूस आकाशाकडे हात उचलून आपल्या रबला पुकारतो, पण त्याचे खाणे, पिणे, कपडा सारे हरामचे. मग त्याची दुआ कशी ऐकली जावी? हदीस खरी आहे. पण ती आपली स्वतःची कमाई तपासण्यासाठी आहे. आपण मात्र तो आरसा नेहमी शेजाऱ्याच्या तोंडासमोर धरतो. आणि तेरा वर्षांच्या मुलीची कसली आली हरामची कमाई?

घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. तेव्हा एक जुनी वाचलेली हदीस पुन्हा काढली. हीही सहीह मुस्लिममधलीच. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) सांगतात की, एके दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या वरच्या वस्तीकडून येत होते. वाटेत बनी मुआविया कबिल्याची मशीद लागली. तिथे त्यांनी दोन रकात नमाज अदा केली आणि नंतर बराच वेळ दुआ मागितली. मग सोबत्यांकडे वळून सांगितले की, मी माझ्या रबकडे तीन गोष्टी मागितल्या. दोन मला दिल्या, एक दिली नाही. माझ्या उम्मतचा दुष्काळाने सर्वनाश होऊ नये, ही मिळाली. बुडून सर्वनाश होऊ नये, हीही मिळाली. त्यांनी आपसात लढू नये, ही मात्र दिली गेली नाही.

इथे जरा थांबून विचार करावा. मागणारे कोण आहेत? त्यांच्या दिलाबद्दल, त्यांच्या यकीनबद्दल, त्यांच्या हलाल घासाबद्दल बोलण्याची कुणाची छाती आहे? मागणेही स्वतःसाठी नाही, आपल्यासाठी आहे. तरीही तीनपैकी एक गोष्ट रोखली गेली, आणि हुजूर (स.) यांनी ती लपवून ठेवली नाही. सहाबांना तिथल्या तिथे सांगून टाकली.

ही मशीद मदीनेत आजही आहे, जन्नतुल बकीच्या उत्तरेला, मस्जिद-ए-नबवीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. उमऱ्याला गेलेली आपली मंडळी कुबा, किब्लतैन, उहुद आवर्जून पाहून येतात. इथे जाण्याचे अनेकांना सुचत नाही. या मशिदीचे आजचे नाव आहे मस्जिदुल इजाबा. इजाबा म्हणजे दुआला मिळालेले उत्तर. जिथे एक मागणे नाकारले गेले, त्याच जागेला उम्मतने हे नाव दिले.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. मराठीत आपण ‘कबूल’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मान्य करणे, शब्द देणे असा होतो. अट कबूल, गुन्हा कबूल. त्यामुळे ‘दुआ कबूल झाली’ म्हणजे मागितले तसे मिळाले, असा आपला समज होतो. उर्दूत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. दरखास्त मंजूर होते किंवा नामंजूर होते. नजराणा कबूल होतो. कुणी प्रेमाने काही पुढे केले आणि समोरच्याने ते हातात घेतले, तर ते कबूल झाले. आपण दुआला तहसील कचेरीतल्या अर्जासारखे समजतो, दर शुक्रवारी जाऊन विचारतो की सही झाली का. पण हुजूर (स.) यांच्या शिकवणीप्रमाणे दुआ हीच मुळात इबादत आहे. म्हणजे ती अल्लाहच्या दरबारात पुढे केलेली वस्तू आहे. ती घेतली जाणे वेगळे आणि तिच्या बदल्यात हवे तेच दिले जाणे वेगळे.

म्हणूनच हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेल्या, मुसनद अहमदमधल्या हदीसमध्ये तीन वाटा सांगितल्या आहेत. ज्या दुआत पापाचे किंवा नाती तोडण्याचे मागणे नाही, तिच्या बदल्यात एक तर मागितलेले इथेच मिळते, किंवा ती आखिरतसाठी जमा केली जाते, किंवा तेवढेच एखादे संकट टाळले जाते. हे ऐकून सहाबा म्हणाले की, मग तर आम्ही पुष्कळ मागू. अल्लाहकडे त्याहून पुष्कळ आहे, असे उत्तर मिळाले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आणखी एक ताकीद आहे ती घाईबद्दल. मागितले, मिळाले नाही, असे म्हणून माणूस मागणेच सोडून देतो, ती घाई. (दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आमच्याकडे दुआ मागायला येणारी मुले आठवतात. पेपर मार्चमध्ये लिहून झालेला असतो!)

पण हे सारे मनाला पटायला वेळ लागतो. दुःखात बुडालेल्या माणसाला तीन वाटा मोजून दाखवल्याने त्याचे डोळे पुसले जात नाहीत. कुरआननेही तशी घाई केलेली नाही. हजरत याकूब (अ.) नबी होते. यूसुफसाठी रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले आणि घरातलेच लोक त्यांना बोलू लागले. त्यांनी एवढेच सांगितले की, मी माझे गाऱ्हाणे अल्लाहपाशी मांडतो. हजरत नूह (अ.) यांनी बुडालेल्या मुलासाठी रबला पुकारले, पण तो मुलगा त्यांना परत मिळाला नाही. खुद्द हुजूर (स.) यांच्या सात अपत्यांपैकी सहा त्यांच्या हयातीतच अल्लाहला प्यारी झाली. धाकटे इब्राहीम त्यांच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. योगायोगाने त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या जाण्याने सूर्याला ग्रहण लागले. तेव्हा हुजूर (स.) यांनी लगेच सांगितले की, सूर्य-चंद्राला कुणाच्या मरण्या-जगण्याने ग्रहण लागत नाही. आपल्या दुःखाला असे कारण चिकटवलेले त्यांनी चालू दिले नाही. ताजियतीला जाताना हा प्रसंग आपण आठवावा, असे आम्हांला वाटते.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीला बोलावून बनी मुआवियाच्या मशिदीची हकिकत सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. या वेळी मान हलवली नाही. थोड्या वेळाने विचारले, “मग हुजूर (स.) रुसले नाहीत? पुढं दुआ मागायचे?”

“शेवटपर्यंत.”

“पण टीचर, आता मी काय मागू? अब्बा तर गेले.”

या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याकडे तयार होते. माणूस मेला की त्याची अमले थांबतात, तीन सोडून: चालू राहणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. म्हणजे रमजानमध्ये ती अब्बांसाठी मागत होती तेव्हा औषधे होती, डॉक्टर होते, नातेवाईक होते. आता अब्बांपर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्या गोष्टींत तिची दुआ आहे.

सूरह बनी इसराईलमधली आई-वडिलांसाठीची दुआ तिला मकतबपासून पाठ होती. अर्थ कधी कुणी सांगितला नव्हता. आम्ही तो फळ्यावर मराठीत लिहिला. तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला, दोनदा वाचला आणि विचारले, “टीचर, यात दोघांचं नाव एकत्र आहे. अम्मी तर आहे अजून. तरी चालेल ना?”

“चालेल.”

तेवढ्यात घंटा झाली.