विजेचा हिशेब मागणारी माणसं

मारुंजीत फ्लॅट घेतला की सोसायटीच्या पहिल्याच वार्षिक सभेत दोन आकडे डोळ्यांत भरतात. एक टँकरचा, दुसरा जनरेटरच्या डिझेलचा. गाव मुळशी तालुक्यातलं, नियोजन पीएमआरडीएचं, शेजारचं आयटी पार्क एमआयडीसीचं आणि वाकडपासून पुढे पिंपरी-चिंचवड महापालिका. मारुंजीसह सात गावं महापालिकेत घेण्याची चर्चा किती वर्षं चालली आहे! वीज मात्र सगळ्यांना एकाच महावितरणची. तिचा दर असाच का, हे मारुंजीतला कोणताही ग्राहक लेखी विचारू शकतो, वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत उभा राहून बोलू शकतो. टँकरच्या दराबद्दल विचारायचं तर जायचं कुणाकडे?

विजेच्या बाबतीतली ही जागा नीट वापरायला महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं, त्यांत पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोथरूडच्या औद्योगिक वसाहतीत, जोशी रेल्वे म्युझियमच्या गल्लीत त्याचं कार्यालय आहे. गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे ही इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी असलेली मंडळी नव्वदच्या दशकात या कामात उतरली, ती एन्रॉनच्या निमित्ताने.

एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार झाला 8 डिसेंबर 1993 रोजी. त्यावर सभा-मोर्चे पुष्कळ झाले. या तिघांनी मात्र आकडेमोड हाती घेतली. वीज लागो न लागो, प्रकल्प तयार ठेवल्याचे पैसे राज्य वीज मंडळाने मोजायचे. त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. इंधन महागलं तर तो बोजाही मंडळावरच. हे सगळं मांडणारा त्यांचा लेख 1995 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला, विजेचा दर कधी कधी युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेला आणि मे 2001 मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

पण मला त्याहून मोठं वाटतं ते नंतरचं काम. 1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला आणि मंडळाला आपली दरवाढ लोकांसमोर सिद्ध करावी लागू लागली. तोवर वहन आणि वितरणातली गळती 17-18 टक्के असल्याचं मंडळ सांगत असे. हा आकडा तपासायचा कसा? शेतीपंपांपैकी बहुतेकांना मीटरच नव्हते, बिल हॉर्सपॉवरवर. त्यामुळे ज्या युनिटचा पत्ता लागेना, ते शेतकऱ्याच्या नावावर टाकायची सोय होती. चोरी, सदोष मीटर, न झालेली बिलं, सगळं त्यात झाकून जाई. पंप किती, किती तास वीज, पिकं कोणती, पाणी किती खोल, असे साधे प्रश्न विचारत गेल्यावर शेतीचा वापर फुगवलेला दिसू लागला. आयोगासमोरच्या सुनावण्यांत हे मुद्दे लावून धरणाऱ्यांत प्रयास आघाडीवर होती. अखेर गळती 30 टक्क्यांहून जास्त असल्याचं उघड झालं. ‘फुकट वीज खाणारा शेतकरी’ ही शिवी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या हिशेबाची किंमत कळेल. शेतीच्या वापराचा वाद अजून मिटलेला नाही, पण आता तो बंद दाराआड होत नाही.

आयोगाने ज्या संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, त्यांत मुंबई ग्राहक पंचायतीसोबत प्रयासही आहे. दरवाढीच्या याचिकेचे शेकडो पानांचे तक्ते एका घरगुती ग्राहकाने वाचावेत ही अपेक्षाच चुकीची, म्हणून त्याच्या बाजूने वाचणारं कुणीतरी लागतं.

प्रयासचं एक छोटं यंत्र मला फार आवडतं. भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये बसवायचं. ते मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवतं. अशी यंत्रं देशभरात शेकडो ठिकाणी लागली. वीज किती वेळ गेली याचं उत्तर एरवी वीज कंपनीच्याच नोंदीतून मिळतं. इथे ते ग्राहकाच्या घरातून मिळालं, तेही सर्वांना पाहता येईल असं.

हवामानाच्या प्रश्नाकडेही ही मंडळी याच बाजूने पाहतात. साधा सीलिंग फॅन सत्तरेक वॅट खातो, बीएलडीसी फॅन तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. असे पंखे स्वस्त आणि सर्रास मिळावेत यासाठी केंद्राने काय धोरण आखावं, हा त्यांचा जुना विषय. शेतीच्या फीडरलाच सौर प्रकल्प जोडून दिवसा वीज द्यावी, ही कल्पना त्यांनी आग्रहाने मांडली. 2017 मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. रात्री दोन वाजता बिबट्याच्या धास्तीत पाणी द्यायला जाणाऱ्याला दिवसाची वीज म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

गिरीश संत 2 फेब्रुवारी 2012 रोजी, पन्नाशीच्या आतच गेले. काम थांबलं नाही.

पाण्यात मात्र महाराष्ट्राने घास तोंडाशी आणून काढून घेतला. 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. सुबोध वागळे आणि प्रयासमधले त्यांचे सहकारी या कायद्याची कलमं घेऊन प्राधिकरणासमोर भांडले, कारण सिंचनाचं पाणी उद्योगांकडे आणि शहरांकडे वळत होतं. 2011 मध्ये कायदाच बदलला आणि कोणत्या वापराला किती पाणी, हे ठरवणं पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेलं. त्याच वर्षी 9 ऑगस्टला, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी आखलेल्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. तो प्रश्न आधी एखाद्या खुल्या सुनावणीत, कागदांसह, मावळकरांच्या तोंडून ऐकला गेला असता तर?

तरीही एक दार उघडं आहे. महाराष्ट्र भूजल कायदा 2009 नुसार हेच प्राधिकरण राज्य भूजल प्राधिकरणही आहे. मारुंजीत येणारा टँकर कुठल्यातरी विहिरीवर, बोअरवर भरतो, आणि भूजल या कायद्याच्या कक्षेत येतं. चार सोसायट्यांनी एकत्र येऊन वर्षभराच्या टँकरच्या पावत्या, भरण्याची ठिकाणं आणि आसपासच्या गावांतल्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी लिहून काढावी आणि त्या गावकऱ्यांना सोबत घेऊन ते कागद प्राधिकरणापुढे ठेवावेत. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल, तर कोथरूड फार लांब नाही.