ॲडिनॉइड-उच्छेदन, मुलांमधील
नाकाच्या मागे, ग्रसनीच्या छताशी असणाऱ्या लसीकाभ ऊतकाच्या पुंजास ॲडिनॉइड म्हणतात. त्याच्या अतिवृद्धीमुळे होणाऱ्या विकारांचे वर्णन डॅनिश वैद्य व्हिल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये केले. ३ ते ७ वर्षे वयात हा पुंज सर्वांत मोठा असतो. पुढे तो आक्रसतो. तो फार वाढल्यास मूल तोंडाने श्वास घेते, घोरते, झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबतो किंवा मध्यकर्णात द्रव साचून त्यास कमी ऐकू येते. अशा वेळी संपूर्ण शुद्धिहरणाखाली तोंडावाटे तो काढून टाकतात.

शस्त्रक्रिया लहान असली, तरी रक्तस्रावाचा धोका असतोच. तो बहुधा पहिल्या २४ तासांत, क्वचित ५ ते १० दिवसांनी होतो. लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळते. त्यामुळे बराच स्राव होऊनही बाहेर काही दिसत नाही. निजलेल्या मुलाने वारंवार आवंढे गिळणे, नाडी जलद होत जाणे, ताज्या रक्ताची वा काळपट वांती होणे ही त्याची लक्षणे होत. घरी असे काही आढळल्यास मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

बोलताना व गिळताना मृदुतालू मागे जाऊन नाकाचा मार्ग बंद करतो. लहानपणी तो बहुधा ॲडिनॉइडलाच टेकतो. हा आधार गेल्यावर काही दिवस आवाज अनुनासिक होतो व पातळ पदार्थ नाकातून येतात. ही तक्रार बहुधा आपोआप नाहीशी होते. मात्र श्लेष्मकलेखाली तालू दुभंगलेला असल्यास ती कायम राहते व वाक्-उपचार किंवा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. दुभागलेली पडजीभ व कठीण तालूच्या मागील कडेस बोटाला लागणारी खाच या त्याच्या खुणा होत. तपासणीस मिनिटभरही लागत नाही. म्हणूनच ती राहून जाणे अक्षम्य होय.

नंतर आठवडा-दोन आठवडे श्वासास दुर्गंधी येते. कान दुखणे हे बहुधा घशातील वेदनेचेच प्रक्षेपण असते. भरपूर पेये, मऊ भात, पेज द्यावी; नाक जोराने शिंकरू देऊ नये. वेदनेसाठी वजनानुसार पॅरासिटॅमॉल देतात. ॲस्पिरिन वर्ज्य होय. कोडीनचे काही मुलांच्या शरीरात अतिजलद मॉर्फिन बनून श्वसन मंदावते व मृत्यूही ओढवतो, असे आढळल्याने अमेरिकेत २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर मुलांना ते देणे निषिद्ध ठरविण्यात आले. मान ताठ वा वाकडी होणे विरळा, पण गंभीर असते. त्यामागे मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सरकलेला असू शकतो. डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांत हा धोका अधिक असल्याने शस्त्रक्रियेच्या वेळीही त्यांची मान फार मागे वाकवीत नाहीत.