अंगाई नव्हे

गेल्या महिन्यात बँकेला फोन लावला. "कृपया प्रतीक्षा करा" झालं आणि कानात शूमनचं 'ट्रॉइमेराय' वाजू लागलं. सूर सगळ्यांत वरच्या पायरीला टेकणार, तेवढ्यात "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". असं तीनदा. घरी पुतण्यानं फोनवर शोधलं, तर तीच रचना 'गाढ झोपेसाठी पियानो' या यादीत निघाली, वर पावसाचा आवाज ओतून. मुंबईकराला पाऊससुद्धा टेप करून ऐकवायचा म्हणजे!

रॉबर्ट शूमननं १८३८ साली लाइपझिगला तीसेक छोटे तुकडे लिहिले. त्यांतले तेरा निवडून 'किंडरझेनेन', म्हणजे बालपणाची दृश्यं, असा संच केला. 'ट्रॉइमेराय' हा त्यातला सातवा. तू कधीकधी अगदी लहान मुलासारखा वाटतोस, असं पुढे त्याची बायको झालेल्या क्लारानं त्याला लिहिलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. पण संच मुलांसाठी नाही. मोठ्या माणसानं मोठ्यांसाठी जागवलेल्या आठवणी आहेत, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

नंतरची शंभर वर्षं उरकतो: दिवाणखाने, चेलोवरच्या आवृत्त्या, रडके सिनेमे. लक्षात ठेवावं असं भांडण एकच. १९२० साली संगीतकार हान्स फिट्झनर म्हणाला, या सुरावटीचं सौंदर्य समजावून सांगता येत नाही. ज्याला कळलं त्याला कळलं. दुसरा संगीतकार आल्बान बेर्ग यानं तिची सुरासुराची फोड करून त्याला उत्तर दिलं. मी बेर्गच्या पक्षातला. "फोड कशाला, छान वाटतंय ना?" म्हणणाऱ्यांनीच तिला झोपेच्या यादीत नेऊन घातलंय.

माझं दशक ऐंशीचं. गिरगावात एका गोवेकर सरांकडे मी पियानो शिकत होतो. जुन्या प्रतीवर वेगाचा आकडा १०० छापलेला, म्हणून सरांनी मेट्रोनोम १०० वर लावला. क्लारानं स्वतः संपादित केलेल्या आवृत्तीत तो ८० आहे, हे मला फार उशिरा कळलं. टकटक, टकटक. मी टाइपरायटर बडवल्यासारखा वाजवायचो आणि सर "करेक्ट!" म्हणायचे. सर, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मग पियानोवादक होरोविट्झ आला. १९२५ साली रशिया सोडलेला हा माणूस २० एप्रिल १९८६ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात आपला स्टाइनवे पियानो घेऊन बसला आणि त्यानं 'ट्रॉइमेराय' वाजवलं. त्याला यंदा चाळीस वर्षं झाली. पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं: श्रोत्यांमधल्या एका माणसाच्या गालावरून अश्रू ओघळतोय आणि तो पुसतही नाही. सहाच दिवसांनी चेर्नोबिल झालं. काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून त्या मैफलीची कॅसेट आणली आणि फीत सैल होईपर्यंत ऐकली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तिथे उभं राहून ऐकणारी माणसं कुठे गेली कोण जाणे.

त्या कॅसेटनं मला मेट्रोनोममधून सोडवलं. रचना अवघी चोवीस बारांची, म्हणजे तालाच्या चोवीस घरांची. एकच वाक्य सहा वेळा सुरू होतं आणि दर वेळी वर चढतं. दुसऱ्या खेपेला ते वरच्या 'ए' सुराला शिवतं. शेवटच्या खेपेला, बाविसाव्या बारात, पुन्हा तोच 'ए' येतो, पण खालची स्वरसंगती बदललेली असते आणि शूमननं तिथे थांबायची खूण केलेली असते. तिथे होरोविट्झ किती थांबतो, ते घड्याळात मोजू नये. आपलं घर तेच, पण आपण परत जाऊ शकत नाही, हे त्या एका सुरात कळतं. त्यानं झोप कशी लागेल?

तेव्हा बँकेच्या व्यवस्थापकांना एवढीच विनंती: ती ध्वनिफीत बदला. नाहीतर निदान बाविसावा बार होईपर्यंत कुणी मधे बोलू नका.