‘घरपोच’ म्हणजे कुठवर?

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय शेताच्या बांधावरून उचलून स्वयंपाकघरात नेला आहे. त्याला कारण आहे. उसाच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही वस्त्या-वस्त्यांवर हिंडतो, तेव्हा पूर्वी तुऱ्याचे, हुमणीचे आणि तोडीच्या पाळीचे बोलणे निघे. आता चहा होईपर्यंत ते बोलणे होते आणि चहा आला की फ्रीज, घरघंटी, मिक्सर, शेगडी निघते. हप्ता जमा झाला की पंधरवड्यात ओसरीवर रिकामी खोकी दिसू लागतात. एका ठिकाणी तर फ्रीजच्या थर्मोकोलमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली पाहिली. उसाच्या पैशातून घरातल्या बाईच्या हाताला थोडी उसंत मिळत असेल, तर त्याबद्दल कुणी नाक मुरडण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे निराळेच आहे. वस्तू विकत घेणे फार सोपे झाले, पण ती चुलीपाशी येऊन पोहोचणे काही सोपे झालेले नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीला वस्तूच मिळत नसे. गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि तोवर रॉकेलची रांग होतीच. आज पैसे भरल्याचा निरोप मोबाइलवर एका मिनिटात येतो. खरी वाट पाहणे सुरू होते ते त्यानंतर, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या वाट्याला येते.

हे असे का होते, याचे मूळ आमच्या मते पत्त्यात आहे. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ही सहा आकड्यांची पद्धत बसविली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, असे ते गृहस्थ होते. पण त्यांनी ती बसविली टपालासाठी. शेवटचे तीन आकडे फार तर कोणते पोस्ट ऑफिस ते सांगतात. पुढचे काम पोस्टमनचे, आणि पोस्टमनला कोणाची वस्ती नाल्याच्या अलीकडे आणि कोणाची पलीकडे हे तोंडपाठ असते. सिल्लोडचा ४३१११२ हा आकडा शहरातल्या पेठेला लागतो, तसाच आसपासच्या खेड्यांनाही लागतो. कंपनीच्या संगणकाला दोन्ही सारखेच. तो बेधडक सांगतो, ‘आपल्या पत्त्यावर माल घरपोच मिळेल.’ कोणत्या रस्त्याने, हे तो विचारत नाही.

आमच्या ऊस नोंदीत बघा, गट नंबर असतो, रस्त्यापासूनचे अंतर असते, ट्रक जातो की ट्रॅक्टर, की बैलगाडीच लावावी लागेल, याची माहिती असते. पावसानंतर किती दिवस रस्ता बंद राहतो हेसुद्धा गटातल्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते. हे सगळे उसासाठी. तीस-चाळीस हजारांच्या फ्रीजसाठी मात्र सहा आकडे पुरतात!

आता आमच्याच घरचे सांगतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही गावाकडच्या वस्तीवर आईसाठी फ्रीज मागविला. हौस म्हणून नव्हे. आईला मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावे लागते. न फोडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. फोडलेली बाहेर चालते, पण ती घरातल्या साध्या तापमानात आणि ठराविक दिवसच. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. तोवर आई डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि त्यात बाटली, असे करीत होती. जादा बाटली गावातल्या किराणा दुकानदाराच्या थंड पेयांच्या फ्रीजमध्ये ठेवलेली. बिचारा काही न घेता ठेवी. पण वीज गेली की आईचे लक्ष घड्याळाकडे.

फ्रीज मोबाइलवरून मागविला होता. विक्रेत्याचे नाव येथे छापण्याचे प्रयोजन नाही. मंगळवारी सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळेत माल येईल, कृपया घरी थांबावे, असा निरोप आला. कांदा काढणीचे दिवस. वहिनी शेतात गेली नाही, म्हणजे घरच्या माणसाचा एक रोज बुडाला. आई उंबऱ्यात बसून. सहा वाजून गेल्यावर आमच्या मोबाइलवर निरोप आला, ‘ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने माल पोहोचविता आला नाही.’ आम्ही फोनवर हे आईला वाचून दाखविले. ती म्हणाली, “सकाळपासून इथंच बसलेय मी. मंग मी काय माणसात नाही का?”

यावर आम्ही काय बोलणार!

गुरुवारी पुन्हा गाडी आली, ती फाट्यापर्यंत. फाट्यापासून वस्ती तीन किलोमीटर. चालक म्हणतो, “दादा, गाडी आत येत नाही. इथं येऊन घेऊन जा, नाही तर माल परत.” आमच्या शेजाऱ्याचा ऊस त्याच रस्त्याने, भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांनी गेलेला. तरी त्या पोरावर आम्ही रागावलो नाही. दिवसाला ठरलेली खोकी पोहोचवायची, त्यावर त्याचे पोट. गाडी रुतली तर दंड त्यालाच. चूक त्याची, जो रस्ता न विचारता ‘घरपोच’ म्हणून पैसे घेतो. शेवटी भावाने ट्रॅक्टर जोडला आणि फाट्यावर गेला. तिथे फ्रीज टेम्पोत आडवा टाकलेला, वर दुसऱ्या कुणाच्या खुर्च्या. चालकाचा आग्रह, आधी मोबाइलवर आलेला आकडा सांगा, मग खोका उतरवतो. भावाने खोका फाडायला लावला. दाराला हातभर पोचा आणि खालचा कोपरा चेपलेला. आकडा दिला नाही, माल परत केला. दुसरा फ्रीज आला तो ठरल्या तारखेनंतर अकराव्या दिवशी, पुन्हा फाट्यावरच आणि पुन्हा भावाच्याच ट्रॅक्टरने घरी.

ही हकिकत आम्ही एका शेजारी सभासदाला सांगितली. तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “साहेब, तोडीच्या टायमाला तुमच्या हापिसातून आम्हाला असंच सांगत्यात. उद्या गाडी येती म्हणून.” असो. हा टोला कारखान्याच्या बैठकीतही पोहोचविला आहे.

त्या मोबाइलवरच्या आकड्याविषयी, ज्याला ओटीपी म्हणतात, थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण आमच्या भागात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे. आपण वजनकाट्यावर काय करतो? भरल्या गाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे वजन, दोन्ही झाल्याशिवाय पावती होत नाही. आणि मधे कुणी घाई केली तर दहा सभासद त्याला धरतील. मग दारात आलेल्या मालाचा खोका न उघडता ओटीपी का द्यावा? खोका चालकासमोर उघडा, चारी बाजू पाहा, काच असेल तर हात फिरवून पाहा, पोराला सांगून मोबाइलवर चित्रण करून ठेवा. चालक थांबायला तयार नसेल, तर पावतीवर ‘खोका न उघडता माल घेतला’ असे आपल्या हाताने लिहा. आणि मागवितानाच पत्त्यात फाटा, ओळखीची खूण, आत किती किलोमीटर आणि कोणते वाहन येते हे लिहून टाका. दुकानातून घेत असाल तर बिलावरच ‘वस्तीवर, घरात उतरवून’ असे लिहून मागा. दुकानदार हसेल. हसू द्या.

फ्रीज आडवा आणला असेल तर लगेच चालू करू नये. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरलेले असते, ते परत खाली बसायला वेळ लागतो. उभा करून निदान चार-पाच तास, आणि लांबून आडवा आला असेल तर एक दिवस तसाच ठेवावा. पोरांना बर्फाची घाई असते, त्यांना मडक्यातले पाणी द्यावे.

दुसरी गाठ पडते ती जोडणीच्या मिस्त्रीशी. माल टाकणारा निराळा आणि जोडणारा निराळा, आणि दोघांचे वार कधी जुळत नाहीत. एका सभासदाकडे मिस्त्री सिल्लोडहून आला, बोर्ड पाहिला, “अर्थिंग नाही” म्हणाला आणि कागदावर सही घेऊन निघून गेला. पुढे आठ दिवस पत्ता नाही. त्याचे म्हणणे मात्र खोटे नव्हते. अर्थिंग नसेल तर फ्रीजच्या पत्र्याला शॉक लागू शकतो, आणि ओल्या हाताने दार उघडणारी घरातली बाईच असते. कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा परवानाधारक वायरमनकडून आधीच करून घ्यावा. बऱ्याच वस्त्या शेतीच्या फीडरवर आहेत आणि वीज ठराविक तासच असते, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. अशा घरात फ्रीज रिकामा ठेवू नये. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. आमच्या आईचा फ्रीज असाच चालतो, निम्म्याहून अधिक जागा बाटल्यांना.

आता कायद्याचे. तोडलेल्या उसाचे पैसे कारखान्यात ऊस आल्यापासून चौदा दिवसांत मिळाले नाहीत तर १५ टक्के दराने व्याज मागता येते, हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातले कलम आपल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तसेच बळ खरेदीदारालाही आहे. १९८६च्या जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे नियमही आले. त्यांप्रमाणे माल सदोष निघाला, दाखविला तसा नसला, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. पूर-वादळासारखी आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. तक्रारीची पोच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगलोरची असो की दिल्लीची, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरलाच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असे नाही. बिल, निरोप, चित्रण एवढे जपून ठेवलेले असावे.

गॅसच्या टाकीबद्दलही पुष्कळ विचारणा होते. टाकी दारात आली की सील पाहावे आणि वजन करून मागावे. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन छापलेले असते, त्यात १४.२ किलो मिळविले की भरल्या टाकीचे वजन यायला हवे. हा हिशेब आपल्याला शिकवायला नको. जिथे वितरकाची घरपोच सेवा आहे तिथे पोहोचविण्याचा खर्च दरातच धरलेला असतो, वर चहापाणी मागण्याचा कुणाला हक्क नाही.

हे लिहून होत असतानाच गटातून फोन आला. आमच्या एका सभासद भगिनीने घेतलेली घरघंटी चार दिवसांपासून फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पडून आहे. पन्नास किलोचे धूड, मोटारसायकलवर यायचे नाही. मालक तोडीच्या मागे, आणि दळण अजून डोक्यावर घेऊन गावात न्यावे लागते. बाईंचे म्हणणे असे, “गुरुवारी आमच्या गटात तोड हाय. तुमचा ट्रॅक्टर मोकळाच येतो ना, मंग येताना तेवढी घरघंटी टाकून आणा की.” ट्रॅक्टरवाला तयार आहे. हे नियमात बसते की कसे, ते मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना विचारून ठेवले आहे. टपरीवाल्याला तोवर वर ताडपत्री टाकायला सांगितली आहे.